धुण्याचा दगड

छत्री हातात असून ते उन्हात उघड्या डोक्याने चालायचे. कोणी म्हटलं, "सर, उघडा की छत्री, डोकं तापेल," तर म्हणायचे, "ही मोजायची छत्री आहे." मिटलेल्या छत्रीच्या कापडावर त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले होते. एक टाका म्हणजे चार बोटं. जातील तिथे दरवाजा, खिडकी, विहिरीचा काठ, भिंतीची जाडी त्या छत्रीने मोजायचे आणि माप मोठ्याने सांगायचे. लिहून मात्र ठेवायचे नाहीत. वसईला एकदा त्यांनी एका पाद्र्यांनाच मोजलं. पाद्रीही हसत ताठ उभे राहिले. "दोन छत्र्या, एक टाका कमी," सर म्हणाले आणि त्यांना नमस्कार केला.

आम्ही सगळे सर म्हणायचो, पण ते शाळेत कधी शिकवत नव्हते. ते मोजणी खात्यात होते. म्हणायचे, "जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. मी साखळी गुंडाळली की त्यांची भांडणं सुरू. या भिंतींवरून आता कोणी भांडत नाही, म्हणून मोजायला बरं वाटतं."

पनवेलच्या जुन्या बाजारात, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगी पुण्याला. मी सकाळी त्यांच्या पोळ्या करायला जायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी फिरंग्यांची जुनी गावं दाखवायला माणसं न्यायला सुरुवात केली होती. एक मिनीबस, वीस माणसं. वसई, रेवदंडा, कोर्लई. कधी चार दिवसांची दमणची सहल, एकदा वेंगुर्ल्याची डच वखार. एके दिवशी मी तव्यावरची पोळी उलटत होते, तर दारात उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही चला आमच्याबरोबर. स्वयंपाकाला."

मी म्हटलं, "मी कुठं येऊ सर? वाटेत हॉटेलं नायत का?"

"हॉटेलात खाऊन माणसांची पोटं बिघडतात आणि मग ती गावाला शिव्या घालतात. मला ते चालत नाही."

मी चौथी शिकलेली बाई. चार माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली की मला घाम फुटतो, लहानपणापासून. पण भांड्यांच्या मागे बसायचं म्हटल्यावर मी हो म्हटलं. चार वर्षं त्यांच्याबरोबर फिरले. माझ्या माहेरच्या मिठागराच्या पलीकडे मी जे काही बघितलं ते त्यांच्यामुळे बघितलं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात माझी बाजू काहीच नाही.

गावात शिरायची त्यांची एक रीत होती. बस कधी गावात न्यायची नाही. जुनी वेस, जुना दरवाजा जिथे असेल तिथे सगळ्यांनी उतरायचं आणि त्यातून चालत आत जायचं. म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरात आपण खिडकीतून शिरतो का?" कामोठ्याच्या एक आजी होत्या, त्या दर सहलीला यायच्या आणि दर सहलीला याच जागी भांडायच्या. "अहो सर, माझे गुडघे इंग्रजांच्या काळातले आहेत, जरा दया करा."

"मग तर तुम्हालाच दाखवायला लोकांना आणलं पाहिजे," सर म्हणायचे, आणि छत्री पुढे करायचे. आजी छत्रीचं टोक धरायच्या, सर मूठ धरायचे, आणि दोघं वरातीसारखी दरवाजातून आत.

पडकं हा शब्द त्यांना चालायचा नाही. कोणी म्हणालं की केवढं पडकं झालंय हे चर्च, तर लगेच थांबायचे. "पडकं नाही. बसलंय. चारशे वर्षं उभं राहिल्यावर माणूस बसणार नाही का?" मग आम्हीही तसंच म्हणायला लागलो. ड्रायव्हरसुद्धा टायरमधली हवा गेली की म्हणायचा, "सर, चाक बसलंय."

कोर्लईला किल्ल्याखाली जी वस्ती आहे तिथली माणसं घरात वेगळीच बोली बोलतात, फिरंग्यांच्या वेळची. सर तिच्यातले आठ-दहा शब्द शिकले होते आणि सगळे चुकीचे बोलायचे. फिलोमिनाबाई म्हणून एक म्हाताऱ्या होत्या, त्यांच्या ओट्यावर आम्ही बसायचो. सरांनी तोंड उघडलं की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. हसता हसता डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "अवो, तुमी मला आत्ता कोंबडी म्हनालात." सर एकदम खूश. वीस माणसांकडे वळून सांगायचे, "ऐकलंत? मी यांना कोंबडी म्हणालो. बरोबर शब्द काय ते आता त्याच सांगतील." आणि खाली बसायचे, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे.

पण त्यांची सगळ्यात मोठी खोड दुसरीच. कोणाकडून ऐकलं त्याचं नाव घेतल्याशिवाय ते काही सांगायचे नाहीत. या खिडकीतून तोफ डागायचे, हे मला शेळ्या राखणाऱ्या जनाबाईंनी सांगितलं. या विहिरीला उन्हाळ्यात गोडं पाणी असतं, हे मला बाळू रिक्षावाल्याने सांगितलं. प्रत्येक गोष्टीला नाव. दमणला एका भल्यामोठ्या चर्चसमोर आम्ही पोचलो. आत सगळं सोन्याने मढवल्यासारखं. लोक कान टवकारून उभे. सर म्हणाले, "याच्याबद्दल मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. बघून घ्या. पुढे जाऊ."

"अहो, पण पाटी आहे ना इथे!" एकजण म्हणाला.

"पाटी तुम्हालाही वाचता येते. मग मी कशाला आलो?"

लोक चिडायचे, हसायचे, पण पुन्हा यायचे. घरी गेल्यावर त्यांना किल्ला आठवायचा नाही, जनाबाई आठवायच्या.

मला ते तुम्ही म्हणायचे. पोळीवालीला तुम्ही म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. भिंतीतला चुना हातात घेऊन मला दाखवायचे. "बाई, तुमच्या हाताला चिखल कळतो. यात काय घातलं असेल?" मी मिठागरातली. बांधाला कुठली माती धरते, कुठली पाण्याबरोबर निघून जाते, ते मला हाताला कळतं. मी हळू आवाजात त्यांनाच सांगायचे, की सर, यात शिंपल्याचा चुना हाय, चुरचुरतोय. मग ते लगेच लोकांकडे वळून माझं नाव घ्यायचे आणि मी पातेल्यामागे लपायचे.

आता दगडाबद्दल.

रेवदंड्याला समुद्राकडच्या तटात एक कमान आहे. तिच्या दोन्ही अंगांना भिंतीत एकेक चौकोनी जागा आहे. उजव्या जागेत कोरलेला दगड आहे. वर मुकुट आणि खाली पिंजऱ्यासारखा एक गोल, आडव्या-उभ्या पट्ट्यांचा. डावी जागा रिकामी. सर दर वेळी तिथे थांबायचे. "याचा जोडीदार कुठे गेला ते मला अजून कोणी सांगितलं नाही," म्हणायचे, रिकाम्या जागेत छत्री घालून मोजायचे, "पाऊण छत्री आणि एक टाका," आणि पुढे जायचे.

मी पहिल्यांदा तो मुकुट बघितला तेव्हाच मला कळलं होतं. डोळ्यांना नाही, तळव्यांना. माहेरच्या मोरीशी जो दगड आहे, त्याच्यावर मी लग्नापर्यंत कपडे धुतले. साबणाचं पाणी त्या गोलाच्या पट्ट्यांतून कसं फिरून खाली येतं ते मला पाठ होतं. कपडा मुकुटाच्या टोकांना घासायचा नाही, फाटतो, हे आईने शिकवलं होतं. आमचा आजा मिठाचा मचवा घेऊन रेवदंड्याला जायचा, तिथे कोळ्यांना सुकटीसाठी मीठ लागायचं. मीठ उतरलं की मचवा हलका व्हायचा आणि हलका मचवा लाटेवर कलंडतो. म्हणून येताना तळाशी दगड भरून आणायचे. तिथे तटाखाली दगडांचा खच पडलेला असायचा. घरी आले की तेच दगड बांधाला लावायचे. हा एक सपाट निघाला म्हणून आजीने मोरीला ठेवून घेतला. चोरी केली असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तीन वर्षं मी गप्प राहिले. एका सकाळी कणीक मळताना ते रेवदंड्याच्या पुढच्या सहलीचं बोलत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तो डावा दगड आमच्याकडं हाय."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मुकुट आहे?"

"हाय. एक टोक उडालंय."

पुढच्या रविवारी ते माझ्या माहेरी आले. वहिनीने धुण्याची बादली बाजूला केली. सर चपला काढून त्या ओल्या मोरीत गुडघ्यांवर बसले. नारळाच्या काथ्याने शेवाळ काढलं, वर तांब्यातलं पाणी सोडलं आणि हात फिरवला. छत्री लावली. पाऊण छत्री आणि एक टाका. मग तिथेच बसून राहिले, पँट भिजली तरी.

माझा भाऊ घाबरला होता. "सर, सरकार नेल का यो? आमच्यावर काय येल का?"

"कपडे धुवा," सर म्हणाले. "कामात होता म्हणून टिकला. तिथे असता तर कोणी नाव कोरून ठेवलं असतं."

निघताना मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "सर, आमचं नाव घेऊ नका. भाऊ मला घरात घ्यायचा नाय." ते थांबले. त्यांचा चेहरा असा झाला जसं मी त्यांच्याकडे काही भलतंच मागितलं. "नाव न घेता मी सांगणार कसं बाई?" मग म्हणाले, "बरं. नाही घेणार."

मग चार-पाच महिने रेवदंड्याला गेलो की ते त्या कमानीखाली थांबायचे, तोंड उघडायचे, पुन्हा मिटायचे. जुनं वाक्य त्यांना म्हणता येईना, कारण आता ते खोटं झालं होतं. आणि नवं वाक्य मी बांधून ठेवलेलं. जोडीदाराबद्दल काहीच न बोलता ते पुढे जायचे आणि आजी मला विचारायच्या, "यांना बरं नाही का?"

मग रेवदंड्याच्या एका सहलीत एक साहेब होते, मोठा कॅमेरा गळ्यात. सकाळीच त्यांची आणि सरांची थोडी लागली होती. बस दरवाजातून आत न्या, मी पैसे भरलेत, असं ते म्हणाले, आणि सर म्हणाले, पैसे बसचे भरलेत, दरवाजाचे नाहीत. सगळे हसले होते. साहेब हसले नव्हते.

दुपारी कमानीखाली सावलीत मी ताकाचं पातेलं उघडलं आणि पेले मांडले. लोक गोल करून बसले. सर त्या रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. का कोण जाणे, त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "याचा जोडीदार हरवलेला नाही. सुखरूप आहे. एका घरात आहे. तीन पिढ्या त्या घरातल्या बायका त्याच्यावर कपडे धुतात."

लोकांना फार आवडलं. आजींनी टाळी वाजवली. "अगंबाई! कोणी सांगितलं सर?"

सर छत्रीच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"नाव सांगा की. आज नाव नाही?" कोणीतरी हसून म्हणालं.

"आज नाव नाही," सर म्हणाले.

"म्हणजे कोणत्या गावात ते तरी?" साहेबांनी विचारलं.

"तेही सांगता येणार नाही."

"तुम्ही स्वतः बघितलाय?"

"बघितलाय. हात लावलाय."

साहेब उठून उभे राहिले. "म्हणजे एवढी जुनी वस्तू कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लपवताय. बाकी वेळेला शेळीवालीचंसुद्धा नाव घेता. आजच का नाही? मी सांगू का? केवढ्याला गेला तो?"

कोणीतरी म्हणालं, अहो असं काय बोलता. पण हळूच म्हणालं. बाकीचे सरांकडे बघायला लागले आणि त्या बघण्यात फरक पडला होता, मला दिसत होता. सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी एकेकाकडे बघितलं, आजींकडे, ड्रायव्हरकडे, त्या साहेबांकडे. माझ्याकडे बघितलं नाही. चुकूनसुद्धा नाही. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते आणि त्यांनी मान अशी सांभाळून फिरवली की मी जणू तिथे नव्हतेच.

माझ्या हातात पळी होती. साहेब, तो आमच्या घरी हाय. एवढंच म्हणायचं होतं. सरांनी मला चार वर्षं शेकडो माणसांसमोर मोठं केलं होतं, मला पाच शब्द बोलायचे होते. घशापर्यंत आले. वीस तोंडं होती. मला भाऊ दिसला, वहिनी दिसली, आमच्या दारात पोलीस दिसले. सगळे गप्प झाले होते आणि कोणीतरी काही बोलायला हवं होतं. मी बोलले.

मी म्हणाले, "ताक घ्या."

आणि लोकांनी ताक घेतलं. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. सरांनीही एक पेला घेतला आणि मला म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय बाई."

परतीच्या वाटेवर बस चहाला थांबली तेव्हा मी बसच्या मागे जाऊन भावाला फोन केला. म्हटलं, लोक दगडाचं विचारतायत, झाकून ठेव. तो म्हणाला, "तू काय नाव घेतलंस का?" मी नाही म्हटलं. "मग बग मी काय करतो," म्हणाला. मी खोदून विचारलं नाही. सर तेव्हा आजींचा हात धरून त्यांना पायरीवरून उतरवत होते.

त्या साहेबांनी रात्रीच फोटो पाठवला असणार, कारण सकाळपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाईलवर होता. रिकामी जागा, आणि तिच्यासमोर छत्री घेतलेले सर. खाली लिहिलेलं की हे गृहस्थ जुने दगड कुठे जातात ते जाणतात, पण सांगत नाहीत, सुज्ञांनी काय ते समजावं. माझ्या सुनेने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मम्मी, हे तुमचे सर ना? हे पण असले निघाले?" मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, "काय माहीत बाय." हे त्या दोन दिवसांत मी दुसऱ्यांदा केलं.

पुढची सहल भरली नाही. त्याच्या पुढचीही नाही. सरकारी कचेरीतली दोन माणसं सरांकडे चौकशीला येऊन गेली. त्यांनाही सरांनी सांगितलं, बघितलाय, कुठे ते सांगणार नाही. बाजारात भाजीवाला सगळ्यांदेखत म्हणायचा, "काय सर, आज काय विकायला काढलंय?" चेष्टाच करायचा तो, पण सरांचं बाजारात जाणं कमी झालं. हे मला तिसऱ्याकडून कळलं, कारण मी त्यांच्याकडे जायचं बंद केलं होतं. गुडघा दुखतो असा निरोप पाठवला होता. गुडघ्याला काही झालं नव्हतं.

माहेरी मी आठ दिवसांनी गेले. मोरीशी सिमेंटची लादी होती, नवी, ओली. भावाने त्याच रात्री घण घालून दगडाचे तुकडे केले होते आणि नव्या ओट्याच्या पायरीत भरून वर सिमेंट फिरवलं होतं. मला दाखवताना त्याला बरं वाटत होतं. "आता ये म्हनावं कुनाला याचं तं. काय मिलनार नाय." मी त्या पायरीवर पाय न देता बाजूने आत गेले. अजून तशीच जाते.

म्हणजे सरांचं खरं होतं हे दाखवायला जगात एकच वस्तू होती, ती माझ्या फोनने गेली.

सहा महिन्यांनी, शिमगा झाल्यावर, मी त्यांच्याकडे गेले. सगळं सांगायचंच असं ठरवून गेले. जिना चढताना दोनदा थांबले. दार उघडंच होतं. सर स्टोव्हसमोर खाली बसून भात ढवळत होते. वाळले होते. मला बघून इतके आनंदले की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"या, या. गुडघा कसा आहे?"

"बरा हाय."

"बसा. आज मी वाढतो. तुम्हाला भात चालेल ना? थोडा लागलाय खाली."

मी भात खाल्ला. सहलींचं त्यांनी काही काढलं नाही, साहेबांचं काढलं नाही. फिलोमिनाबाईंचं पत्र आलं होतं, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलं, ते दाखवलं. पाणी दिलं. मग ताट उचलताना, पाठ माझ्याकडे असताना, विचारलं, "दगड ठीक आहे ना बाई?"

आता सांग, असं मी मनाला म्हटलं. दुसरं कोणी नव्हतं. वीस तोंडं नव्हती. एकटे सर, आणि तेही पाठमोरे.

"हाय," मी म्हटलं. "ठीक हाय."

"धुता ना त्याच्यावर अजून?"

"हो. वैनी धुते."

ते थोडा वेळ ताट विसळत राहिले. "बरं झालं," म्हणाले. मग मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आले. मी नको नको म्हणत होते. रिक्षा सुटेपर्यंत उभे होते.

गणपतीत मी माहेरी होते. मोदकांची उकड मळत आम्ही दोघी बसलो होतो आणि वहिनी सहज म्हणाली, "तुजे ते सर आलेले गो मागं."

"कधी?"

"शिमग्याच्या आदी. एकलेच आले यष्टीनं. मोरीकडं गेले, लादी बगितली. मग यांना इचारलं, तुकडे कुटं हायत. यांनी पायरी दाकवली. तं तिथंच बसले पायरीवर. मी चाय दिली. येक शबुद बोलले नाय वंगाल. जाताना म्हनले, ताईंना सांगू नका मी आलेलो, त्यांना वाईट वाटेल." ती उकड मळत राहिली. "मानूस चांगला हाय गो. पन जरा येडा."

शिमग्याच्या आधी. म्हणजे मी भात खाल्ला तेव्हा त्यांना माहीत होतं. दगड ठीक आहे ना, असं पाठ फिरवून विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. माझं तोंड दिसू नये म्हणून पाठ फिरवली होती, की त्यांचं मला दिसू नये म्हणून, ते मला कळत नाही. मला बोलायला सोपं जावं म्हणून त्यांनी तसं केलं, असं मला बऱ्याचदा वाटतं. एकदा विचारलं, मग दुसऱ्यांदाही विचारलं, धुता ना अजून. दोनदा दार उघडून धरलं आणि दोन्ही वेळा मी ते ओढून घेतलं.

मी उकडीचे हात तसेच ठेवून उठले आणि मोरीत जाऊन बसले. वहिनीला वाटलं मला उलटी होतेय.

तोपर्यंत सर पनवेल सोडून मुलीकडे पुण्याला गेले होते. खोल्या रिकाम्या केल्या. जाताना कोणाला भेटले नाहीत म्हणतात, की कोणी भेटायला गेलं नाही, दोन्ही ऐकलं. आजींना भेटायला ते गेले असते, पण आजी उन्हाळ्यात वारल्या होत्या. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय असं ड्रायव्हर म्हणाला. त्यानेच मुलीचा नंबर दिला.

तो नंबर माझ्याकडे वर्षभर आहे. इथे सगळं लिहून काढलं की बोलायचं काय ते नीट डोक्यात बसेल, म्हणून हे लिहायला घेतलं. काय म्हणायचं ते ठरलं होतं. सर, मी खोटं बोलले. सर, मी तुमच्यासाठी त्या साहेबांच्या घरी जाते आणि त्यांच्या तोंडावर सांगते. भाऊ काय म्हणायचं ते म्हणेल.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. मी लावला.

मुलीने उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?"

मी नुसता श्वास घेत राहिले. तिने परत विचारलं. मग फोन तोंडापासून लांब धरून म्हणाली, "कोणी बोलतच नाहीये. ठेवते."

मागून त्यांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक झालेला. "ठेवू नकोस. थांब जरा. बोलतील त्या."

ती थांबली. बराच वेळ थांबली. पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता, तिकडच्या घरातला.

मी फोन बंद केला.